पोटाची गिटार

सध्या माझा एक उद्योग आहे. दुपारी जेवण झालं की गुडघ्यांना तेल चोळत मी मोबाईलवर जुन्या गिटारी बघत बसते. कुठल्यातरी देशात कुणीतरी आपल्या आजोबांची गिटार विकायला काढलेली असते. तिचे पुढून, मागून, बाजूने काढलेले फोटो मी बोटांनी मोठे करून करून बघते. सून विचारते, "आई, घ्यायची आहे का? मागवू या." मी म्हणते, घ्यायची नाही गं, नुसती बघायची. लग्नाचं कुणी नसताना स्थळं बघत हिंडणाऱ्या बायका असतात ना, त्यातली मी. पण मला सगळ्या गिटारी चालत नाहीत. जिच्या मधोमध गोल भोक आणि तोंड पाटासारखं सपाट, ती मी ढुंकूनही बघत नाही. मला लागते ती पोट असलेली. वरचं लाकूड कोरून व्हायोलिनसारखं मधे उंच आणि कडेला उतरतं केलेलं, आणि गोल भोकाऐवजी दोन अंगांना इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन फटी. तिचं खरं नाव आर्चटॉप. आम्ही तिला पोटाची गिटार म्हणायचो, आणि आम्ही म्हणजे मी, माझे वडील आणि आवळे सर. बाकी कोल्हापूरला तिचं काही पडलेलं नव्हतं.

आमचं घर गुळाच्या अडतीचं. शाहूपुरीत खाली दुकान आणि गोदाम, वर माडीवर आम्ही तिघं राहायचो, आण्णा, आई आणि मी. आण्णा म्हणजे माझे वडील. गावोगावच्या गुऱ्हाळांवरून शेतकऱ्यांचा गूळ आमच्याकडे उतरायचा आणि आण्णा तो विकून द्यायचे. गूळ यायचा तो रव्यांत. रवा म्हणजे बादलीच्या आकाराची घट्ट ढेप, कुठली दहा किलोची, कुठली तीस. भिंतींना, अंथरुणांना, माझ्या पुस्तकांना गुळाचा वास होता. कॉलेजात मी बाकावर शेजारी येऊन बसले की मैत्रिणी म्हणायच्या, "आली काकवी." मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या असत आणि मी झोपेत पाय खाली सोडला की हमखास एखादी वाटी लवंडायची. जेवायला भाकरी आणि आईचा खर्डा, आणि ताटाच्या कडेला काकवी ही असायचीच. पाहुणा कितीही मोठा असो, आई त्याच्या ताटात काकवी वाढल्याशिवाय राहायची नाही. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून मला इतर कशाची नाही, पण त्या काकवीच्या ओघळाची आठवण येते. भाकरीचा तुकडा फिरवून तो ओघळ अडवावा लागायचा, नाहीतर तो खर्ड्यात जायचा आणि मग दोन्ही बिघडायचं.

आणि आवाज. आमच्या घरात कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. खाली ट्रक लागलेले, हमालांच्या आरोळ्या, हातगाड्यांची खडखड, सौद्याची हुज्जत, आणि या सगळ्याच्या वर आण्णांचा आवाज. आण्णा कानात बोलले तरी शेजारच्या उचगावात ऐकू जातं, असं बाजारात म्हणत आणि आण्णांना त्याचा अभिमान होता. आईसुद्धा मीठ मागायचं तर जिन्यात उभी राहून हाळी द्यायची. अशा घरात मला गिटारीचा नाद लागावा ही देवाची गंमतच म्हणायची. मिशनच्या शाळेत आवळे सर संगीत शिकवायचे. ते कोल्हापूरचेच ख्रिस्ती, सडपातळ, कायम इस्त्रीच्या शर्टात. शाळेच्या एका साध्या, सपाट गिटारीवर त्यांनी मला शिकवलं, आणि मी कॉलेजात गेल्यावरही ती घरी न्यायला द्यायचे. पण घरी वाजवायला बसले की माझं मलाच ऐकू यायचं नाही. मी कान गिटारीला टेकवून वाजवायची. आई म्हणायची, "अगं, मान आखडंल की." आणि आण्णा? आण्णांनी मला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. पहाटे ते बाजारात, दिवसभर दुकानात, जेवून लगेच झोप. पोरगी काहीतरी तुणतुणं शिकतेय, एवढंच त्यांना ठाऊक. मी पहिली आले तेव्हा ते निकाल घेऊन सगळ्या बाजारात फिरले होते, पण गिटारीचा निकाल कुठं लागतो? मला फार वाटायचं की त्यांनी एकदा बसून ऐकावं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, कारण आमच्याकडे असं काही बोलायची पद्धत नव्हती.

सरांना मी एवढंच म्हणाले, "सर, घरात काहीच ऐकू येत न्हाय. मी वाजवतो ते मलाच कळत न्हाय." कोल्हापूरच्या मुली बोलताना स्वतःला मुलगेच समजतात, माझी ती खोड लग्न होऊन पुण्याला आल्यावरही गेली नाही. सर म्हणाले, "तुझ्या घरात एकच गिटार चालेल." मग त्यांनी मला आर्चटॉपविषयी सांगितलं. पूर्वी कोल्हापूरच्या स्टुडिओंत सिनेमाची गाणी व्हायची तेव्हा प्रत्येक वाद्यासमोर माईक नसायचा. ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या भोंग्यांत गिटार बुडून जायची, म्हणून वाजवणारे पोटाची गिटार घ्यायचे. तिचा आवाज गोड कमी आणि खणखणीत जास्त, समोरच्याला जाऊन लागणारा. आता तशा कुणी बनवत नाही, जुनीच शोधावी लागेल. त्या रात्री जेवताना मी ओरडून आण्णांना सांगितलं की मला गिटार पाहिजे, जुनी पाहिजे आणि पोटाची पाहिजे. आईचा घास हातात राहिला. "पोटुशी गिटार? ह्ये काय आणि नवीन?" आण्णा मात्र नाही म्हणाले नाहीत. पाणी पिऊन म्हणाले, "घ्यायची तर बघून घ्यायची. तीन ठिकाणी बघितल्याबिगर सौदा न्हाय." हा त्यांचा नियम म्हशीपासून जावयापर्यंत सगळ्याला लागू होता.

अशी आमची गिटार बघणी सुरू झाली. महाद्वार रोडच्या दुकानात पेट्या, तबले, बुलबुल बॅन्जो, झांजा सगळं होतं, पण गिटारी होत्या त्या सपाट आणि चकचकीत लाल. दुकानदार म्हणाला, "आण्णा, असली पोटाची आता म्हाताऱ्यांच्या घरात. दुकानात न्हाय." मग आण्णांनी आपली यंत्रणा कामाला लावली. गूळ आणणारा शेतकरी असो की नेणारा व्यापारी, ते सगळ्यांना विचारायचे, "पावणं, तुमच्याकडं कुणाची पोटाची गिटार हाय काय?" लोकांना वाटायचं, आण्णांचं डोकं उन्हानं फिरलं. पण तसाच एक पत्ता लागला कबनूरचा. एका यंत्रमागवाल्याच्या वडिलांनी म्हणे तरुणपणी बँड काढला होता आणि त्यांची गिटार अजून टांगलेली होती. आम्ही गेलो तर ती खरंच टांगलेली होती, मागाच्या शेडमध्ये, खिळ्याला, आणि दोन्ही फटींतून कापसाची पिसं बाहेर आलेली. माग चालू. शेडमध्ये आमच्या घराला लाजवील असा खडखडाट. मागवाला ओरडून म्हणाला, "वाजवून बघा की!" सरांनी वाजवली. बोटं हलताना दिसली, बाकी शून्य. आण्णांनी गुळावर मारतात तशी टिचकी मारली, कान लावला आणि ओरडले, "लाकूड बरं हाय!" सरांनी दांडा डोळ्याजवळ धरून बघितला. तो धनुष्यासारखा वाकला होता. मागवाल्यानं लिंबू-सोडा पाजला आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

दुसरं स्थळ वारणानगरचं. तिथल्या एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यात, काचेच्या कपाटात, पितळी समयांच्या मधोमध एक पोटाची गिटार उभी होती. काय तिचं रूप! मधाच्या रंगाची, कडेला पांढरी किनार, मानेवर शिंपल्याची नक्षी. मला तर तिथंच बसकण मारावीशी वाटली. साहेबांनी वाटीभर श्रीखंड पुढं केलं, गिटार कुठल्या देशाची, कुणी भेट दिली, सगळं सांगितलं, पण कपाटाची किल्ली काही काढली नाही. सर दोनदा म्हणाले, जरा हातात घेऊन बघतो. साहेब दोनदा म्हणाले, अजून श्रीखंड घ्या. शेवटी आण्णांचा धीर सुटला. "सायेब, इकायची हाय का न्हाय?" साहेब म्हणाले, "विकायची तशी नाही. पण कुणी बघायला आलं की बरं वाटतं." परतीच्या एसटीत आण्णा त्या माणसाला लाखोल्या वाहत होते आणि मी खिडकीशी तोंड करून रडत होते. आता मीही फोनवर नुसती बघत बसते, तेव्हा साहेबांना मी माफ केलंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमच्याबाबतीत शब्दशः खरं झालं. तिसरी गिटार आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिशन कंपाउंडमध्ये होती. एस्तेरबाई पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचे यजमान स्टुडिओत गिटार वाजवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरांना हे सगळं ठाऊक होतं, पण गिटार मागायला आलेल्या दोघांना बाईंनी दारातून हाकललं होतं, त्यामुळं सरांची छाती होत नव्हती. माझं रडणं बघून झाली. एस्तेरबाई उंच, दणकट हाडाच्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, बोटं उलटी करून टोकांचे घट्टे बघितले आणि आत जाऊन ट्रंकेतून गिटार आणली. काळपट तपकिरी, किनार झिजलेली, हात ठेवायच्या जागेचा रंग उडालेला. वारणेच्या राणीपुढं ही कामवालीच. पण सरांनी तार छेडली आणि खोली भरली. आणि आण्णा? आण्णा बाहेर. कंपाउंडच्या कट्ट्यावर त्यांना ओळखीचा शेतकरी भेटला होता आणि यंदा ऊस कसा आहे यावर दोघांची जुंपली होती. ते आत आले तेव्हा वाजवणं संपलं होतं. त्यांनी टिचकी मारली, पोटावरून तळवा फिरवला, म्हणाले, "तीन बघून झाल्या. हीच घ्यायची." एस्तेरबाई म्हणाल्या, "देते. पैसे नकोत. पण नाताळच्या उपासनेत हिनं ती चर्चमध्ये वाजवायची. आणि जपली नाही असं कानावर आलं, तर मी येऊन घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी हवेत होते. गिटारीचा आवाज खरंच हमालांच्या वर जायचा. आई लाटणं थांबवून म्हणायची, "ह्ये बरं वाजतंय गं." पण आण्णा जिन्यापर्यंत यायचे आणि खालून कुणी हाक मारली की परत फिरायचे. एकदा तर मी मुद्दाम ते जेवत असताना वाजवायला बसले, तेव्हाच नेमका ट्रक आला आणि ते हात न धुता खाली गेले. मग श्रावण लागला. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं काढलाय त्यालाच ती ओल कळेल. काड्या पेटत नाहीत, दारं लागत नाहीत, पापड भाजला तरी मऊ. त्या ओलीनं गिटारीचं पोटही थोडं वर आलं आणि त्याबरोबर तारा. सर म्हणाले, होतं असं, ऊन पडलं की उतरेल, तोवर जरा सोसायचं. मी जेवताना आईला बोटं दाखवली. टोकं सोलवटली होती. "पोट फुगलंय, तारा वर गेल्यात, दाबायला जोर लागतोय," मी म्हणाले. आण्णा समोर जेवत होते. एरवी माझं बोलणं त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर जायचं, पण फुगलंय हा शब्द त्यांनी उचलला. त्यांनी माझा हात ओढून दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "पोट फुगतंय म्हंजी वल धरलीया." मी म्हटलं, "आण्णा, पावसात तसंच असतंय त्याचं." त्यांनी माझा हात सोडला आणि ताटावरून उठले. अडत्याच्या धंद्यात 'तसंच असतंय' हे वाक्य ओला माल खपवणारा माणूस बोलतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर गिटार जागेवर नाही. आई म्हणाली, "आण्णांनी खाली नेलीया. पोरीची बोटं फाटल्यात, नीट करून देतो म्हणालेत." मी वह्या तिथंच टाकून जिन्याकडे धावले. आमच्या गोदामात रव्यांखाली घालायच्या फळ्या असत. पावसाळ्यात त्या फुगून वाकायच्या आणि त्यावर एक उपाय ठरलेला होता. फळी सपाट जागी ठेवायची, वर गुळाचे रवे रचायचे, चार दिवसांत फळी सुतासारखी सरळ. पिढ्यान्पिढ्या आमच्याकडे हेच चालत आलेलं. मी जिना उतरले तेव्हा आण्णा मेजापाशी उभे होते. त्यांनी सगळं किती मायेनं केलं होतं ते आज आठवलं तरी गलबलून येतं. तारा सोडून, एकेकीची वेटोळी करून ओळीनं ठेवलेल्या. ज्या लाकडी घोडीवर तारा टेकतात ती शर्टाच्या खिशात जपून ठेवलेली, कारण या गिटारीची घोडी चिकटवलेली नसते, तारा सैल झाल्या की सुटून हातात येते. खाली गोणपाटाची घडी, ओरखडा उठू नये म्हणून वर आईचं जुनं मऊ लुगडं. आणि लुगड्यावर, पोटाच्या बरोबर मधोमध, तीस किलोचा रवा.

"बसलं बघ," आण्णा म्हणाले. "आता बोटं दुखायची न्हाईत."

मी रवा उचलला. कसा उचलला मला ठाऊक नाही, एरवी मला तो हलतही नव्हता. लुगडं बाजूला केलं. पोट एका अंगानं खाली बसलं होतं आणि डाव्या फटीच्या टोकापासून एक चीर निघून थेट कडेपर्यंत गेली होती. गुळाच्या वासानं आलेल्या दोन मुंग्या त्या चिरेतून आत निघाल्या होत्या. मी किंचाळले. आमच्या घरात ओरडण्याचं कुणाला काही वाटत नसे, पण तशी किंचाळी त्या गोदामानं ऐकली नव्हती. हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट जागच्या जागी थांबले. आई जिन्यातून धावत आली. "अवो, काय केलासा ह्ये!" आण्णांना आधी कळेचना. मग ते वाकले आणि गुळाची कड बघतात तसं त्या चिरेवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांचा चेहरा उतरत गेला.

संध्याकाळी सर आले. गिटार बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. हलक्या आवाजात म्हणाले की मिरजेला सतारी करणारे आहेत, ते चीर सांधतील, तोवर एस्तेरबाईंच्या कानावर जाऊ द्यायला नको, कारण गेलं तर त्या ती घेऊनच जातील. मला ते लगेच पटलं. मी काहीही करायला तयार होते, फक्त गिटार जायला नको होती. पण आण्णा म्हणाले, "न्हाय सर. माल भिजला तर भिजला म्हणून सांगायचा. झाकून ठेवलं की उद्यापास्नं दुकानात कुत्रं याचं न्हाय." मी म्हणाले, "आण्णा, त्या घेऊन जातील ओ." ते म्हणाले, "तेंची हाय. नेऊ देत." आणि त्यांनी गिटार त्याच लुगड्यात गुंडाळली, घोडी खिशात आहे ना ते चाचपलं आणि छत्री माझ्या हातात दिली. पूर्ण वाट ते स्वतः भिजत, गिटार पोटाशी धरून चालले. मी त्यांच्यावर इतकी चिडलेली होते की छत्री फक्त गिटारीवर धरली.

एस्तेरबाईंनी लुगडं उलगडलं आणि खुर्चीत बसल्या. आण्णा उभेच होते, टोपी हातात, कपड्यांतून पाणी ठिबकत. म्हणाले, "बाई, माझ्या हातनं मोडली. पोरीचा काय दोष न्हाय."

"कशानं?"

"गुळाच्या रव्यानं."

बाईंनी मान वर केली. "गुळाच्या?"

"व्हय. फुगलीया म्हणून दाबाय ठेवली."

मला वाटलं, आता हसतील किंवा हाकलतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. गिटार उचलून मांडीवर घेतली. मग विचारलं, "आण्णा, ही वाजताना तुम्ही ऐकलीय काय कधी?"

"कुटं ऐकणार बाई. दुकान असतंय."

"आणि लेकीला? तिला वाजवताना ऐकलंय?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या टोपीकडं.

"मग काय मोडलं ते तुम्हाला कसं कळणार?" एस्तेरबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी मला तो आजही ऐकू येतो. "घोडी कुठाय?"

आण्णांनी खिशातून घोडी काढून दिली. बाईंनी स्वतः ती बसवली, तारा एकेक करून ओढल्या, पण अर्ध्यावरच, चीर वाढू नये म्हणून. यजमानांच्या तारा त्याच चढवून द्यायच्या, हे त्यांच्या हाताकडे बघून कळत होतं. गिटार माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वाजव." मी म्हणाले, "मोडलीय की." "मोडलीय म्हणून काय? वाजव. तुम्ही बसा हो, उभे का?" आण्णा वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले, ओल्या कपड्यांनी खुर्ची खराब होईल म्हणून. नाताळसाठी सरांनी बसवून घेतलेली चाल मी सुरू केली. तारा ढिल्या, आवाज खर्जातला, आणि एक ठरावीक सूर आला की चिरेजवळचं लाकूड भुणभुणायचं. माझे डोळे वाहत होते, बोटांची टोकं झोंबत होती. मी खाली मान घालून वाजवत होते, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती. अर्ध्यात एकदा बघितलं. आण्णांचे डोळे माझ्या डाव्या हातावर खिळले होते. तोंड किंचित उघडं. बाजारात सौदा चालू असताना त्यांच्या चेहऱ्यावर शंभर भाव यायचे, आत्ता एकही नव्हता. जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघं अशा खोलीत होतो जिथं कुणी ओरडत नव्हतं, आणि आण्णा माझं ऐकत होते.

चाल संपली. आण्णांनी घसा साफ केला. "झालं?"

"झालं."

"मोठं हाय काय आणि एखादं?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

मी आणखी वाजवलं. एस्तेरबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. कप आण्णांच्या हातात देत म्हणाल्या, "न्या ती. मोडकी ठेवून मी काय करू? पण नाताळला वाजलीच पाहिजे." आण्णांनी नुसती मान हलवली. चहा ओठांना लावायचं ते विसरून गेले होते. घरी जाताना पाऊस उघडला होता आणि गिटार आण्णांनीच पोटाशी धरली होती. मला तेव्हा राग होता की नव्हता, सांगता येणार नाही.

मिरजेच्या कारागिरानं चीर सांधली. पोट पुन्हा पहिल्यासारखं उचललं नाही, डावीकडं किंचित बसकंच राहिलं, आणि त्या एका सुराला भुणभुण कायमची लागली. गिटार घरी आली त्या दिवशी दुकानात हंगामातली गर्दी होती. खाली दोन ट्रक उभे, हमाल वरच्या पट्टीत एकमेकांना शिव्या देत रवे उतरवत होते, व्यापारी आणि शेतकरी सौद्यावरून हमरीतुमरीवर आलेले. आई म्हणाली, आज राहू दे, काय ऐकू येणार? पण मला राहवेना. मी खिडकीशी बसले, तारा जुळवल्या आणि ती चाल धरली. पहिली ओळ संपली असेल नसेल, तेवढ्यात खालून आण्णांचा आवाज आला, उचगावच काय, पार पलीकडं जाईल असा:

"ए! गप बसा सगळी! गाड्या बंद करा! वर पोरगी वाजवालीया!"

त्या ओरडण्यानं मी इतकी दचकले की हातातला ताल सुटला. खाली इंजिनं बंद झाली. हमाल गप्प झाले, सौदा थांबला. मी खिडकीतून वाकून बघितलं तर भर बाजारात, गुळाच्या थप्प्यांमध्ये, आण्णा कंबरेवर हात ठेवून वर बघत उभे होते.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "चालू दे की."

मी परत पहिल्यापासून सुरू केलं.